कुत्र्याला गाडीला जुंपायचंय? मग आधी थांबायला शिकवा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण ही नंतर सांगितली की कोणी मनावर घेत नाही. कुत्र्याला ओढायला शिकवावं लागत नाही. पट्टा लावून फिरायला काढला की तो आपल्याला ओढत नेतोच, खांदा निखळेपर्यंत ओढतो, आणि आपण वर्षभर त्याला "ओढू नको" शिकवत बसतो. गाडीसाठी खरं शिकवायचं असतं ते हे की थांब म्हटलं की थांबायचं, आणि मागून खडखडत येणाऱ्या वस्तूला घाबरायचं नाही. गाडी निवडताना पण पहिला प्रश्न एकच, ही गाडी कधी कुत्र्याच्या मागच्या पायांवर जाईल का? जात असेल तर ती कितीही छान दिसू दे, घ्यायची नाही.

हे मला कळलं ते भुऱ्यामुळे. भुऱ्या माझा ३२ किलोचा, मिश्र जातीचा, छातीने रुंद आणि मनाने भित्रा. माझी पहिली गाडी जुन्या सायकलच्या चाकांवर बनवून घेतलेली होती, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, तो पण रबरी गुटक्यांचा. ओली माती होती, उतार म्हणजे अगदी नावाला, मी ब्रेक दाबला, गुटके ओल्या रिमवरून नुसते घसरत राहिले आणि गाडीचा पुढचा दांडा त्याच्या मागच्या पायांना लागला. फार जोरात नाही. रक्त नाही, लंगडला पण नाही. पण कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली, आणि त्याने मागे वळून आधी गाडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यानंतर गाडी नुसती उभी असली तरी तो भिंतीला घासून पलीकडून जायचा. परत तिच्याजवळ मोकळेपणाने उभा राहायला त्याला सात आठवडे लागले. पाय एका दिवसात बरा झाला असता, पण बुजलेला कुत्रा तसा एका दिवसात बरा होत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं ब्रेकपासूनच मोजा.

कुत्रा कुठला आणि वय किती

हस्की, मालाम्यूट, सामोयेड हे बर्फातल्या स्लेजवाले, म्हणजे बिनचाकी घसरगाडी ओढणारे, बर्नीज माउंटन डॉग, न्यूफाउंडलंड, रॉटवायलर हे ओझ्याच्या गाडीवाले, ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण जात बघून अडून बसू नका. लॅब, शेफर्ड, पॉइंटर, आणि ज्याची जात कोणालाच सांगता येत नाही असे धट्टेकट्टे मिश्र कुत्रे सुद्धा मस्त ओढतात. बेल्जियममध्ये एके काळी दुधाच्या गाड्या कुत्रेच ओढायचे आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याच्या मशीनगन पण कुत्र्यांनीच ओढल्या, ते काही हस्की नव्हते, मोठ्या हाडाचे साधे कामकरी कुत्रे होते.

बघायचं ते शरीर आणि स्वभाव. आपण गाडीवर बसणार असू तर १५ किलोच्या आतल्या कुत्र्याला या कामात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे कुत्रे तर अजिबात नाही, कारण कुत्रा अंगातली उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून, आणि यांची ती वाटच अरुंद असते. लांब पाठीचे, आखूड पायांचे पण नकोत.

वयाचं मात्र कोणी ऐकत नाही. वाढीच्या वयात हाडांच्या टोकाला कूर्चेचा मऊ पट्टा असतो, हाड लांब होतं ते तिथूनच, आणि तो बंद होऊन कडक व्हायच्या आत ओझं पडलं की सांधा कायमचा बिघडू शकतो. मध्यम कुत्र्याला साधारण दीड वर्ष, मोठ्या हाडाच्या जातींना दोन वर्ष, तोपर्यंत माणूस बसलेली गाडी नाही. याचा अर्थ तोपर्यंत नुसतं बसायचं असं नाही हं. हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, घालणं, आवाजांची सवय, डावं उजवं, थांब, हे सगळं सहा महिन्यांच्या पिल्लालाही शिकवता येतं, फक्त मागे वजन नको. मोठ्या वयात सुरू करत असाल तर सुरू करण्याआधी व्हेटकडून कमरेचे आणि कोपराचे सांधे, हृदय, आणि वजन बघून घ्या. लठ्ठ कुत्र्याला गाडी ओढायला लावून बारीक करायचं हा उलटा उपाय आहे, आधी वजन उतरवा मग गाडी.

ओझ्याचा हिशोब, कागदावर करा

चाकांवरच्या ओझ्यासाठी एक ढोबळ नियम बरेच जण सांगतात, की सपाट कडक जमिनीवर, सराव झालेला निरोगी कुत्रा स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओढू शकतो, गाडी आणि माणूस धरून. मी तो नियम कमाल मर्यादा म्हणून धरते, रोजचं काम म्हणून नाही. आणि तो सावकाश चालीचा आहे, पळत ओढायचं असेल तर दुपटीच्या खालीच राहा.

आता गणित बघा. माणूस ७० किलो, गाडी २५ किलो, झाले ९५. ३० किलोचा एक कुत्रा म्हणजे तिप्पट ९०. म्हणजे एका कुत्र्यावर तुम्ही पहिल्याच दिवशी मर्यादेच्या बाहेर. दोन कुत्रे असतील तर मिळून ६० किलो, ९५ म्हणजे दीडपटीच्या थोडं वर, हे छान. एकच कुत्रा असेल तर मार्ग सोपा आहे, पायाने ढकलायची मोठ्या चाकांची स्कूटर घ्या किंवा सायकल, म्हणजे वाहन हलकं आणि तुमचे पाय पण कामाला.

नुसत्या किलोंवर जाऊ नका, जमीन आणि चढ जास्त महत्त्वाचा. १०० किलोची गाडी चांगल्या हवा भरलेल्या टायरवर कडक सपाट रस्त्यावर चालत ठेवायला साधारण १ किलोच्या आसपासची ओढ पुरते, इतकं कमी लागतं. गवतात किंवा मऊ मातीत हेच कितीतरी पट होतं. आणि १०० मीटरला ५ मीटर चढणारा रस्ता, जो आपल्याला चालताना जेमतेम जाणवतो, त्यावर तीच गाडी आणखी ५ किलोने मागे खेचते. सपाटीवर हसत पळणारा कुत्रा चढावर अचानक जमिनीला पोट लावून ओढायला लागतो ते यामुळे. म्हणून चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं, यात विचार करायचाच नाही. उतारावर तेच ५ किलो गाडीला कुत्र्याच्या अंगावर ढकलत असतात, म्हणजे परत ब्रेक.

जास्त ओझं लादून कुत्र्यांचे हाल व्हायला लागले म्हणून तर इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांविरुद्ध ओरड झाली, लंडनमध्ये १८३९ च्या कायद्याने त्या बंद केल्या आणि १८५४ मध्ये बाकी देशात. आजही काही ठिकाणी सार्वजनिक रस्त्यावर कुत्रा जुंपायला मनाई असते, तेव्हा तुमच्या भागात काय नियम आहे ते आधी विचारून घ्या. आणि नियम काहीही असला तरी रहदारीच्या रस्त्यावर हे करूच नका, मातीची वाट, मोकळं मैदान, बंद ट्रॅक हेच बरं.

गाडी

ढोबळ दोन घराणी आहेत. एकात कुत्रा दोरीने पुढे लांब जोडलेला असतो आणि गाडीला दांडे नसतात, म्हणजे स्कूटर, सायकल, तीन चाकी किंवा चार चाकी रिग, म्हणजे बसायला किंवा उभं राहायला जागा असलेला चाकांचा सांगाडा. दुसऱ्यात घोडागाडीसारखे दांडे असतात आणि कुत्रा त्या दांड्यांमध्ये, गाडीला अगदी लागून. या दुसऱ्यातच एक प्रकार असतो ज्यात एकच वाकवलेला दांडा कुत्र्याच्या पाठीवरून येतो आणि हार्नेसला वरून अडकतो, दोन चाकं, छोटं सीट.

नवीन असाल तर पहिल्या घराण्यातलं घ्या. दोरी असली की कुत्र्याला हलायला मोकळीक मिळते, गाडीचा धक्का थेट अंगात जात नाही, आणि काही झालं तर दोरी सोडून देता येते. दांड्याच्या गाडीत कुत्रा अडकलेला असतो, तो घाबरला तर पळायला जागा नाही आणि दांडे त्याच्याबरोबरच येतात, म्हणजे तो ज्याला घाबरलाय तेच त्याच्या मागे धावतंय. शांत, पक्का शिकलेला कुत्रा असेल तरच ते.

दोरीवाल्या गाडीत बघायचं ते असं. ब्रेक मागच्या आणि पुढच्या दोन्ही चाकांना, शक्यतो डिस्क, कारण डिस्क चिखलात आणि पाण्यातही पकडतो, गुटक्यांचं काय होतं ते वर सांगितलंच. गाडी उभी करून ठेवायला वेगळा पार्किंग ब्रेक असेल तर फारच उत्तम, कारण कुत्रे जोडताना तुमचे दोन्ही हात कामात असतात आणि उत्साहात आलेले दोन कुत्रे रिकामी गाडी तुमच्या हातून काढून नेतात. टायर हवेचे आणि जाड, चाक मोठं म्हणजे २० इंचाच्या पुढे, लहान चाक प्रत्येक खड्ड्यात अडखळतं आणि तो झटका कुत्र्याच्या छातीवर बसतो. तीन चाकी असेल तर बघा की बसण्याची जागा किंवा उभं राहायची फळी खाली आहे ना, वळणावर उलटायची भीती उंचीमुळेच असते. घ्यायच्या आधी बसून, कुत्र्याशिवाय, उतारावरून सोडून ब्रेक दाबून बघा. जिथे थांबायला हवी तिथे थांबली तर पुढचं बोलणं.

दांड्याची दोन चाकी घेतलीच तर तोल हा सगळा खेळ आहे. तुम्ही बसल्यावर दांड्याचं टोक एका बोटाने उचलता आलं पाहिजे, कुत्र्याच्या पाठीवर जवळजवळ काहीच वजन यायला नको, आणि तुम्ही मागे रेललात तर दांडे वर जाऊन पोटाचा पट्टा कुत्र्याला उचलायला नको. सीट पुढेमागे सरकवता येत असेल तरच हे जमतं. दांड्यांचं काम गाडीला दिशा देणं, ओढण्याचं काम बाजूच्या दोन दोऱ्यांचं, आणि त्या दोऱ्या गाडीकडे एका फिरत्या आडव्या दांडीला लागलेल्या हव्यात म्हणजे खांदा पुढेमागे होतो तसं ती पण हलते. मागच्या पायांपासून गाडीपर्यंत वीतभर तरी मोकळी जागा पाहिजे, पूर्ण ढांग टाकून पळताना मोजलेली, उभा असताना नाही. आणि गाडी पुढे सरकून अंगावर येऊ नये म्हणून कुत्र्याच्या मांड्यांच्या मागून जाणारा रोखपट्टा, तो नसेल तर ती गाडी फक्त फोटो काढायला.

हार्नेस आणि दोऱ्या

फिरायला नेतो तो हार्नेस चालणार नाही. विशेष करून छातीवर आडवा पट्टा असलेला, तो खांद्याच्या सांध्यावरच बसतो आणि कुत्रा जितका जोर लावेल तितका खांदा आवळला जातो. कॉलरला तर ओढायची दोरी कधीच जोडायची नाही, गळा दाबला जातो.

ओढायच्या हार्नेसला समोरून बघितलं की इंग्रजी वाय सारखा आकार दिसला पाहिजे, दोन पट्टे मानेच्या बुडाशी येऊन छातीच्या हाडावर एक होतात आणि पायांच्या मधून मागे जातात. जोर सगळा त्या हाडावर. एक्स बॅक नावाचा जो लांब हार्नेस असतो, पाठीवर फुली आणि शेपटीच्या बुडाशी दोरीचा फास, तो दोरी खालून, म्हणजे जमिनीच्या जवळून जात असेल तर उत्तम. पण स्कूटरला किंवा सायकलला दोरी उंचावर बांधलेली असते, तिथे लांब हार्नेसचं मागचं टोक वर उचललं जातं आणि सगळं बसणं बिघडतं, त्यापेक्षा बरगड्यांपाशी संपणारा अर्धा हार्नेस घ्या. दांड्याच्या गाडीला वेगळा, रुंद गादीचा, पोटपट्टा आणि बाजूला दांड्याच्या कड्या असलेला लागतो. हे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

माप घेताना एक चूक सगळे करतात, कुत्रा उभा असताना ढिल्या हार्नेसकडे बघून ठरवतात. तसं नाही. एकाने समोर ट्रीट धरायची, दुसऱ्याने मागचा फास कुत्रा ओढेल त्या दिशेने खेचून धरायचा, आणि तेव्हा हात फिरवायचा. गळ्याचा भाग डोक्यातून जाताना कानापाशी थोडा अडखळला पाहिजे, सहज सरकला तर तो मोठा. घातल्यावर दोन बोटं आत जावीत. छातीची गादी हाडावर, श्वासनलिकेवर नाही. काखेत पट्टा घासायला नको, शेवटच्या बरगडीच्या मागे मऊ पोटावर ताण नको. पहिल्या चार फेऱ्यांनंतर काखेतले केस उलटे करून बघा, केस तुटलेले किंवा कातडी गुलाबी दिसली की हार्नेस बदला, "सवय होईल" असं म्हणू नका.

दोरीत बंजीचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीचा, तुकडा पाहिजेच, तो झटके पितो, तुमचे पण आणि त्याचे पण. पुढच्या चाकापासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत साधारण दोन मीटर अंतर राहील इतकी दोरी, फार लांब झाली तर वळणावर ती झाडाला अडकते. स्कूटर सायकलवर पुढे एक आडवी नळी बसवतात ज्यातून दोरी जाते, म्हणजे ढिली पडली तरी चाकात जात नाही, हा तुकडा स्वस्तात वाचवायला जाऊ नका, दोरी चाकात गेली की तुम्ही हँडलवरून पुढे. दोन कुत्रे असतील तर मधली मुख्य दोरी, प्रत्येकाला मागून ओढायची एक दोरी, आणि दोघांच्या कॉलरला जोडणारी एक छोटी दोरी, जी फक्त त्यांना जवळ ठेवायला, तिच्यावर ताण कधीच नको. हुक पितळेचे, हातमोज्यातून उघडता येतील असे. आणि खिशात दोरी कापायला सुरी, तुमच्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, कारण कुत्र्याच्या पायांनी उडवलेली माती थेट तोंडावर येते.

शिकवणं

पहिला आठवडा हार्नेस घालायचा, जेवण द्यायचं, काढायचा. एवढंच. हार्नेस दिसला की शेपूट हलली पाहिजे. आणि सुरुवातीपासून ठरवून टाका, कॉलर असताना ओढायचं नाही, हार्नेस असताना ओढायचं. कुत्र्यांना कपड्यांचा हा फरक फार पटकन कळतो, "गाडी शिकवली तर फिरायला नेताना पण ओढेल" ही भीती मला पण होती, उलट झालं, भुऱ्या कॉलरवर आता जास्त नीट चालतो.

मग शब्द. हे चालत, पायी शिकवायचं, गाडीच्या कितीतरी आधी. स्लेजवाले उजवीकडे जायला "जी" आणि डावीकडे जायला "हॉ" म्हणतात, पण मराठी घरात एक अडचण येते, आपण दिवसभर "हो हो" म्हणत असतो आणि कुत्र्याला "हो" आणि "हॉ" एकच. "डावीकडे" "उजवीकडे" पण नको, शेवट सारखाच, पळताना वाऱ्यात त्याला फक्त "कडे" ऐकू येतं. मी "जी" ठेवलं आणि डावीकडे "डाव" केलं, तुटक, एका आवाजात. निघायला "चल" पण ठेवू नका, "चल जेवायला", "चल आत" हे रोजचंच, गाडी जोडताना कोणी सहज "चला" म्हटलं की कुत्रे निघाले. निघायला "हाईक", हळू जायला "हळू", दुसऱ्या कुत्र्याकडे किंवा मांजराकडे न बघता पुढे जायला "सोड", आणि थांबायला "थांब". घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द, तसेच.

"थांब" ची परीक्षा अशी, समोर त्याचा आवडता बॉल फेकलेला, तो पळत सुटलेला, आणि तुम्ही एकदाच म्हणालात. दहापैकी नऊ वेळा थांबला की पुढे जा. त्याच्याबरोबर आणखी एक शिकवा, दोरी ताठ ठेवून जागेवर उभं राहणं. हार्नेसची दोरी खांबाला बांधा, तुम्ही समोर उभे राहा, त्याने पुढे होऊन दोरी ताणली की लगेच शाबासकी, ट्रीट, आणि मग पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट. याचा उपयोग नंतर कळतो, दोन कुत्रे जोडताना एक जण मागे वळून दोऱ्यांचा गुंता करत बसला तर निघण्याआधीच तुम्ही वैतागता.

आता आवाज. हार्नेसच्या मागे आधी नुसती दोरी जमिनीवर ओढू द्या. मग दोरीला हलकी प्लॅस्टिकची बाटली, मग लाकडाचा छोटा ओंडका, मग रिकामी बादली खडखडत, आणि मग लहान टायर. प्रत्येक पायरीवर तुम्ही त्याच्या डोक्यापाशी चालायचं. पाच ते दहा मिनिटं, दिवसाला एकदा, आणि तो अजून करायला तयार असतानाच बंद. कान मागे गेले, वळून वळून बघतोय, जीभ ओठांवर फिरवतोय, तर एक पायरी मागे या. चिंगी, म्हणजे माझी दुसरी, २४ किलोची, तिने बादली तीन दिवसांत पार केली, भुऱ्याला बाटलीवरच दोन आठवडे लागले, आणि दोघं आज एकाच दोरीला ओढतात. घाई करून काही मिळत नाही.

टायर निवांत ओढायला लागला की गाडीची ओळख. गाडी आधी नुसती उभी, तिच्याभोवती ट्रीट टाका, त्याला हुंगू दे. मग दुसऱ्या कोणीतरी गाडी ढकलत न्यायची आणि तुम्ही कुत्र्याला घेऊन मागून चालायचं, मागून, पुढून नाही, कारण पळून जाणाऱ्या वस्तूच्या मागे जायला कुत्र्याला आवडतं, पाठलाग करणारी वस्तू आवडत नाही. मग बाजूने. मग पुढून. हे चार दिवसांचं काम आहे आणि याने पुढचे चार महिने वाचतात.

जोडायच्या पहिल्या दिवशी गाडी रिकामी, एक माणूस कुत्र्यापाशी, दुसरा गाडीच्या मागे ब्रेक धरून. २० मीटर, थांब, ट्रीट, २० मीटर. वळण मोठ्या गोलात घ्यायचं. मग मागचा माणूस अधूनमधून एक पाय गाडीवर ठेवतो, मग बसतो पण सपाटीवर, मग पुढचा माणूस हळूहळू बाजूला होतो. तुम्ही एकट्याने बसून पहिल्यांदा जाल ते अंतर २०० मीटरच्या वर नको, आणि ते घराच्या दिशेने असू दे, कुत्रे घराकडे जास्त आनंदाने ओढतात. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, एक दिवस काम एक दिवस आराम. दोन कुत्रे असतील तर दोघं वेगवेगळे पक्के झाल्यावरच एकत्र, नाहीतर एकाची भीती दुसरा शिकतो.

गाडीवर असताना तुमचं बोट सतत ब्रेकवर. दोरी कधी ढिली पडू द्यायची नाही, कुत्रा मंदावला की तुम्ही पण हलका ब्रेक लावून दोरी ताठ ठेवायची. उतारावर तर ब्रेक आधीपासून, गाडी कुत्र्यापेक्षा किंचित हळू, म्हणजे त्याला मागे काय आहे हा विचारच करावा लागत नाही.

उन्हाचं आणि पाण्याचं

इथे कोणाचं ऐकू नका, थर्मामीटरचं ऐका. बरेच मशिंगवाले, म्हणजे कुत्र्यांना स्लेजला किंवा गाडीला जुंपून पळवणारे, १५ अंशांच्या वर तापमान गेलं की गाडी काढतच नाहीत, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही खाली थांबतात. तुमच्याकडे वर्षातले फक्त काही महिने, तेही पहाटेच, हे जमत असेल तर तेवढेच महिने करा, बाकी वेळ पायी शब्दांचा सराव. रस्ता तापलाय का बघायला हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा, नाही ठेववली तर पंजाच्या गाद्या पण भाजणार.

पाणी निघायच्या दीड दोन तास आधी, त्यात थोडं मटणाचं किंवा चिकनचं पाणी घातलं की भरपूर पितात. पोटभर जेवण आणि पळणं यात तीन चार तास तरी ठेवा, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. वाटेत दर दहा मिनिटांनी थांबून दोन घोट.

जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल, पाय लटपटले किंवा सरळ रेषेत पळता येईना, तर तिथेच थांबा. दोरी काढा, हार्नेस काढा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतत राहा, पोटावर, मांड्यांच्या आत, आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उष्णता आत कोंडतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं, ४१ म्हणजे जीव धोक्यात, तेव्हा थंड करत करतच व्हेटकडे. बरा दिसला तरी न्यायचाच.

परत आल्यावर दहा मिनिटं पायी फिरवा, मग बसवून चारही पंजे उचलून बघा, बोटांच्या मध्ये काटा, खडा, गादीवर चीर. काख, छाती, पोटाखाली हात फिरवा. मांड्यांवरून दाबत खाली या, कुठे झटकन पाय ओढून घेतला तर दोन दिवस सुट्टी. हार्नेस धुऊन सावलीत वाळवा, वाळलेला चिखल सँडपेपरसारखा घासतो. आणि ब्रेकची केबल, ती पुढच्या सकाळी घाईत नाही, आजच, हात गार व्हायच्या आत ताणून बघा.